वकिलांच्या गाडीच्या पेट्या

मंगळवारी दुपारी माझा नवरा गाळ्यात वारला. तो जेवायला बसला होता. शेजारच्या गाळ्यातल्या माणसांनी त्याला रिक्षात घातलं. मी शाळेत शिकवत होते. शिपायाने वर्गाच्या दारात येऊन मला बोलावलं. मी दवाखान्यात पोहोचले तेव्हा तिथे कागदावर वेळ लिहून झाली होती.

गाळ्यात त्या दिवशी एक मोटरसायकल उभी होती. मुंबईच्या एका वकिलांसाठी तो ती बांधत होता. इंजिन बसलं होतं, रंग झाला होता, सीट शिवून आली होती. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना सामानाच्या पेट्या लागायच्या होत्या. तेवढ्याच राहिल्या होत्या.

हे दोन हजार सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतलं. गाळा वसई पूर्वेला, औद्योगिक वसाहतीत. आम्ही राहत होतो नालासोपाऱ्यात, मी लहानपणापासून ज्या भागात वाढले तिथेच. त्याचं घर अर्नाळ्याचं. त्याचे वडील मच्छीमारांच्या लाकडी होड्या बांधत. मी त्यांना बाबा म्हणत असे. पुढे किनाऱ्यावर फायबरच्या होड्या आल्या आणि तो फायबरच्या कामाकडे वळला. आधी होड्या, मग ट्रकच्या केबिनचे भाग, रिक्षाचे मडगार्ड, असं करत तो मोटरसायकलींपर्यंत आला. लांबच्या प्रवासाला जाणारी, पैसेवाली, हौशी माणसं त्याला शोधत यायची. कारखान्यातून निघालेली गाडी त्यांना अपुरी वाटायची.

हे वकील पन्नाशी ओलांडलेले. पहिल्या भेटीत ते म्हणाले, "मला शर्यती लावायच्या नाहीत. दिवसभर बसल्यावर संध्याकाळी माझ्या बायकोला उतरून चालता आलं पाहिजे, एवढंच बघा."

"आणि तुम्हाला?" माझ्या नवऱ्याने विचारलं.

"मला नाही आलं तरी ती सांभाळून घेईल."

त्या एका वाक्यावरून त्याने सगळी गाडी आखली. इंजिन जुन्या बनावटीचं, पाचशे सीसीचं, एका सिलिंडरचं. ते तेवढं ठेवलं, बाकी सगळं नवं. दोन चाकांमधलं अंतर मूळ गाडीपेक्षा वीतभर वाढवलं. लांब गाडी खड्ड्यात कमी आपटते आणि मागे बसणाऱ्याची पाठ वाचते. फ्रेमचे पाइप वाकवताना मध्ये चेपू नयेत म्हणून त्यात वाळू ठासून भरायची आणि मग तापवायचं. अर्नाळ्याची वाळू त्याला चालत नसे, खारी वाळू पाइप आतून खाते म्हणून. नदीची वाळू आणायची, धुवायची आणि भाजून कोरडी करायची. माझी मोठी कढई या कामी गेली. मी नवी घेतली, तीही गेली.

टाकी अॅल्युमिनियमच्या पत्र्याची. चामड्याच्या पिशवीत वाळू भरून त्यावर पत्रा ठेवायचा आणि लाकडी हातोड्याने बाहेरच्या कडेकडून आत येत ठोकायचा. पत्र्याला हळूहळू पोट येतं. मी कधी शाळा सुटल्यावर गाळ्यात जात असे, पुस्तक काढून कोपऱ्यातल्या स्टुलावर बसत असे. तो ठोका बरेच दिवस ऐकला. टाकी झाल्यावर तिच्यात हवा भरून सांध्यांवर साबणाचं पाणी लावलं. फुगा कुठे येतो ते आमचा वेल्डर बघत होता. हा वेल्डर पाचूबंदरचा ख्रिस्ती, माझ्या नवऱ्याच्या वयाचा, गाळा घेतला तेव्हापासून बरोबर होता. फुगा आला नाही तेव्हा तो म्हणाला, "आज देवळात मेणबत्ती लावायला लागेल. तुझ्यासाठी नाय, माझ्या वेल्डिंगसाठी."

क्रोम त्याने कुठेच लावू दिला नाही. आमच्याकडच्या हवेत क्रोमला दोन पावसाळ्यांत पुळ्या येतात. चकाकतं ते सगळं स्टीलचं, आणि तेही घासून मंद केलेलं, उन्हात डोळ्यांवर येऊ नये म्हणून. रंग वकिलांना लालसर हवा होता. त्याने पत्र्याच्या तुकड्यांवर नमुने करून भिंतीला टेकवून ठेवले, आणि वकील आले की काही न बोलता चहा सांगायचा. तिसऱ्या फेरीला वकिलांनी स्वतःच काळसर हिरव्या तुकड्याकडे बोट दाखवलं. नव्या दगडी पाटीवर ओला हात फिरवल्यावर दिसतो तसा तो रंग होता. जवळ गेल्याशिवाय हिरवा कळत नसे.

पुढची काच अॅक्रिलिकची. ती एकसारखी तापली तरच नीट वळते, आणि एवढा मोठा तुकडा एकसारखा तापवायला गाळ्यात काही साधन नव्हतं. वेल्डरच्या ओळखीची एक बेकरी होती. दुपारचे पाव निघाल्यावर भट्टी निवत असते, तेव्हा तो तुकडा आत सरकवायचा, मऊ झाला की बाहेर काढून लाकडी साच्यावर पसरायचा. बेकरीवाला दारात उभा राहून म्हणाला, "पावाला प्लास्टिकचा वास लागला, तर गिऱ्हाईक पाव सोडून मला खाईल." पहिली काच बुडबुडे येऊन फुकट गेली. दुसरी चांगली झाली. त्या दिवशी आम्ही बेकरीतूनच गरम पाव घेऊन घरी आलो. वास आला नाही.

मागच्या सीटचं माप माझ्यावर घेतलं. वकिलांची पत्नी माझ्याच उंचीची होती. दोन प्रकारचा फोम, खाली कडक, वर मऊ. मी फ्रेमवर बसून वाचत असे आणि तो पेन्सिलने फोमवर खुणा करत असे. अर्ध्या-पाऊण तासाने विचारायचा, "कुठे टोचतंय?" मी सांगायचे, तो तिथला फोम तासायचा. मग धारावीतून निवडून आणलेलं चामडं, तपकिरी, दोन ओळींच्या शिलाईचं.

पेट्यांवरून मात्र त्याचं वकिलांशी जमलं नव्हतं. वकिलांना सागाच्या पेट्या हव्या होत्या. कुठल्याशा परदेशी मासिकातलं चित्र ते घेऊन आले होते. तो फायबरवर अडून होता. "लाकूड रस्त्यावर टिकत नाही," एवढंच म्हणायचा. वकील कारण विचारायचे तेव्हा हसून सांगायचा, "ते माझ्या वडिलांना विचारा. लाकडाचं खातं त्यांच्याकडे आहे."

वडील आणि तो यांच्यात बोलणं कमीच होतं. भांडण असं म्हणता येणार नाही. तो तरुण असताना ज्या फायबरच्या कारखान्यात शिकत होता, त्या कारखान्याला होडीचा साचा हवा होता. फायबरची होडी आकाशातून पडत नाही. एखादी चांगली लाकडी होडी नमुना म्हणून घेतात, तिला मेण लावतात, तिच्यावर फायबर चढवून साचा काढतात, आणि मग त्या साच्यातून हव्या तेवढ्या होड्या निघतात. कारखान्याने अर्नाळ्यातल्या एका मालकाकडून जी होडी आणली ती बाबांनी बांधलेली होती. तिला मेण लावणाऱ्यांत माझा नवरा होता. त्यानंतर किनाऱ्यावर त्याच आकाराच्या होड्या एकामागून एक दिसू लागल्या, आणि बाबांकडे नवी होडी सांगायला येणारी माणसं कमी होत गेली. पुढे यायचीच थांबली. बाबांनी त्याला त्याबद्दल कधी विचारलं नाही. त्याच्या गाळ्यात मात्र ते एकदाही आले नाहीत.

दिवसकार्य अर्नाळ्याला झालं. त्यानंतर वकील भेटायला आले. ओसरीवर बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "वहिनी, गाडी आहे तशी मी घेऊन जातो. तुम्ही काही मनाला लावून घेऊ नका. पेट्या कुठेही लावून मिळतील."

बाबा आत होते. ते बाहेर आले आणि उभ्यानेच म्हणाले, "त्या गाडीला बाहेरचा हात लागनार नाय. पेट्या मी करतो."

"बाबा, ते फायबरच्या म्हणत होते," मी म्हटलं.

"म्हनत असेल. जन्मभर तेच म्हनत आला." मग वकिलांकडे वळून, "तुमाला कसल्या हव्यात?"

वकिलांनी माझ्याकडे पाहिलं. "मला तर सागाच्याच हव्या होत्या," ते म्हणाले.

गाळा आता माझ्या नावावर होता, होकार मी द्यायचा होता. बाबांना काय हवं आहे ते मला दिसत होतं. मुलाच्या हातून झालेल्या शेवटच्या कामाला त्यांचा हात लागायला हवा होता. मुलगा जिवंत असताना तो लागला नव्हता. मी हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ते एसटीने विरारला आणि तिथून वसईला गाळ्यावर आले, हत्यारांची गोणी खांद्यावर घेऊन. आत आल्यावर त्यांनी गाडीला एक फेरी मारली. टाकीवर हात फिरवला. वेल्डर स्टूल पुढे करून म्हणाला, "बसा, बाबा." ते बसले नाहीत.

"हे पोट त्यानेच काढलं?"

"हातोडीनं. एकट्यानं."

"दोनी बाजू सारख्या हायत," बाबा म्हणाले. ते मोजत नव्हते, दोन्ही तळहात टाकीच्या दोन अंगांना ठेवून उभे होते.

पेट्या त्यांनी होडीसारख्याच बांधल्या. दुसरी पद्धत त्यांना ठाऊक नव्हती. साग जुना, एका मोडलेल्या होडीचा. अरुंद फळ्या एकीला एक भिडवून, तांब्याच्या खिळ्यांनी आतल्या बाकांना, म्हणजे वाकवलेल्या फासळ्यांना, बसवलेल्या. सांध्यांमध्ये कापसाची वात ठोकून वर राळ आणि तेल. तळाला थोड्या निमुळत्या, पुढची कड होडीच्या नाळीसारखी, पुढच्या टोकासारखी गोलावलेली, वारा कापला जावा म्हणून. झाकणं इतकी नेमकी की बंद करताना आतली हवा फुस्स करून बाहेर यायची. मग त्यांनी त्या अर्नाळ्याला नेऊन घरामागच्या बावीत, म्हणजे विहिरीत, सोडल्या. पाण्यात लाकूड फुगतं, फळ्या एकमेकींवर दाबल्या जातात, सांधा मिटतो. होडी दर्यात लोटण्याआधी हेच करतात. चार-पाच दिवसांनी काढल्या, पुसल्या, तेल दिलं, गाडीला लावल्या.

मी त्या बघितल्या. त्या काळसर हिरव्या टाकीशेजारी तो साग फार चांगला दिसत होता. वेल्डर म्हणाला, "वैनी, मालक असता तर शिव्या घालत घालत फोटो काढला असता."

पावसाळ्याचे शेवटचे दिवस होते. वकील गाडी घेऊन गेले. बाबा त्या दिवशी आमच्याकडे नालासोपाऱ्याला जेवायला थांबले. तो गेल्यापासून ते पहिल्यांदाच पोटभर जेवले.

दिवाळीनंतर वकील परत आले. सोलापूर, विजापूर, तिथून पुढे, असा त्यांचा प्रवास झाला होता. गाडीची त्यांनी मनापासून तारीफ केली. त्यांच्या पत्नीची पाठ एकदाही धरली नाही. मग त्यांनी रुमालाने पेटीचं झाकण पुसलं आणि उघडलं. आतून सूर्यप्रकाश दिसत होता. फळ्यांच्या मध्ये फटी पडल्या होत्या, कापूस लोंबत होता. आतलं सगळं सामान लाल मातीने भरलं होतं, असं ते म्हणाले. पत्नीच्या साड्या ओळखू येईनात.

बाबा तेव्हा गाळ्यातच होते. पेट्या झाल्यावरही ते अधूनमधून येत असत, वेल्डरशी बोलत बसत. त्यांनी विचारलं, "रात्री पानी मारलं नाय?"

"कशावर?"

"पेट्यांवर. बादलीभर पानी आत ओतून ठेवायचं. सकाली ओतून द्यायचं."

"बाबा, तिकडे आम्हाला अंघोळीला बादली मिळत नव्हती," वकील म्हणाले. वेल्डर हसला आणि थांबला.

बाबांनी खाली बसून एका फटीत अंगठ्याचं नख घातलं आणि शेवटपर्यंत फिरवलं. दुसऱ्या फटीतही फिरवलं. मग ते बोलले, पण वकिलांशी नाही, माझ्याशी.

"होडी कधी सुकत नाय, बाय. किनाऱ्याला ओढली तरी चार महिन्यांनी परत पान्यात जाते. ही गाडी सुकीच फिरनार. त्याला ते ठाऊक होतं."

"त्यांनी सांगितलं असतं तर," मी म्हटलं.

"मी ऐकलं नसतं."

वकील म्हणाले, घाई नाही, फटी भरून दिल्या तरी चालेल. बाबांनी मान हलवली. फटी भरल्या तर पावसात लाकूड फुगून फळ्या फुटल्या असत्या, हे त्यांना त्यांच्या नखाने आधीच सांगितलं होतं. वकील गेल्यावर आम्ही तिघं बसलो. वेल्डर जमिनीकडे बघत म्हणाला, "फायबरच्या करायच्या तर नमुना लागेल. नवा नमुना करायला हात कुठंय? मालक करायचा ते." पुढचं वाक्य त्याला म्हणायचं नव्हतं. मलाही नव्हतं. नमुना समोर होता.

बाबांनी चहा संपवला. पेला उलटा करून ठेवला.

"मेन हाय का गाल्यात?"

"हाय," वेल्डर म्हणाला.

फटी त्यांनी स्वतः पुट्टीने भरल्या. नमुन्याला एकदाच टिकायचं असतं. मग पॉलिशपेपर, आधी जाड, मग बारीक, मग पाण्याचा. मेण लावायला वेल्डर पुढे झाला तेव्हा त्यांनी फडकं त्याच्या हातातून घेतलं. मी त्या आठवड्यात रोज शाळेतून थेट गाळ्यात जात असे. ते पेटी मांडीवर घेऊन बसलेले असायचे, गोल गोल हात फिरवत. एकदा मला म्हणाले, "तो किती हात द्यायचा मेनाचे?"

मला माहीत नव्हतं. वेल्डरने सांगितलं, "सात-आठ. आनि मधी सुकू द्यायचा."

"होडीलापन?"

वेल्डर म्हणाला, "होडीला जास्त. तुमच्या होडीला त्यानं खूप दिले, असं तो सांगायचा. चिकटून फुटू नये म्हनून. कारखान्याचा मालक ओरडला होता त्याच्यावर, मेन फुकट घालवतो म्हनून."

बाबा मेण लावत राहिले.

फायबर वेल्डरने चढवलं. आधी जेलकोटचा गुळगुळीत थर, मग काचेच्या धाग्यांची चटईसारखी मॅट आणि रेझिन, ब्रशने दाबून दाबून. गाळ्यात त्या वासाने डोळे चुरचुरत. फायबरच्या कुसांनी बाबांचे हात कोपरापर्यंत लाल झाले. घरी येऊन ते खोबरेल लावत. घट्ट झाल्यावर साचे काढायची वेळ आली. लाकडी पाचर सांध्यात ठोकत ठोकत पहिला साचा सुटला, पेटी अखंड बाहेर आली. दुसऱ्या पेटीची गोल कड आत धरली गेली. ती कड त्यांनी पहिलीपेक्षा जरा जास्त वळवली होती. वेल्डर थांबला. बाबा म्हणाले, "मार." साचा सुटला, आणि पेटीच्या दोन फळ्या त्याच्याबरोबर उपटून आल्या. त्यांनी त्या साच्यातून पटाशीने काढल्या आणि साचा आतून तपासला. त्यावर ओरखडा नव्हता.

"साचा चांगला हाय," ते म्हणाले.

फायबरच्या पेट्या झाल्या, त्यांना टाकीचाच रंग दिला. आकार बाबांचा, तळाला निमुळत्या, पुढे नाळ. खिळ्यांच्या डोक्यांच्या खुणाही बारकाईने पाहिलं तर रंगाखाली दिसत. वेल्डर त्या घासून काढणार होता. वकील म्हणाले, राहू द्या. त्यांनी सागाच्या पेटीबद्दल एकदा विचारलं, पण मागितली नाही.

बाबा त्यानंतर गाळ्यात आले नाहीत. मी अर्नाळ्याला गेले की गाडी कशी चालते आहे ते विचारत. वकिलांचा फोन आला की मी सांगत असे: कोकणातून जाऊन आले, गुजरातेत जाऊन आले, पावसात सापडले, आत थेंब गेला नाही. ते ऐकून घेत. एकदा म्हणाले, "दोगांनी केल्या तशा." मग उठून अंगणात वाळत घातलेली मासळी बघायला गेले.

गाळा मी पुढच्या वर्षी दिला. तिथे आता खोके बनवतात. वेल्डर कामणच्या बाजूला एका गोदामात कामाला लागला, तिथून निवृत्त झाला. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. वकिलांनी गाडी वय झाल्यावर नाशिकच्या एका माणसाला दिली, पेट्यांसकट, आणि ती अजून चालते असं त्यांनी मला कळवलं होतं. त्यालाही आता बराच काळ लोटला. साचे कुठे गेले ते मला माहीत नाही.

जी पेटी अखंड सुटली ती माझ्याकडे आहे. पलंगाखाली असते. तिच्यात मी जुनी मासिकं ठेवते. पावसाळ्यात झाकण फुगून घट्ट बसतं आणि उघडत नाही, म्हणून लागणारी मासिकं मी मे महिन्यातच बाहेर काढून ठेवते.